लाकडी पेनावर गोफ : तुकडे जोडून नक्षीचे पेन कसे घडवावे

लेथवर फिरणाऱ्या लाकडातून नक्षी हळूहळू वर येताना पाहिली, की ती लेथवरच घडते असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तुकडे जोडून केलेल्या पेनाची नक्षी लेथ सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधीच, करवतीवर आणि शिकंज्यात, कायमची ठरून गेलेली असते. लेथ ती फक्त उघडी करतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग करवत, पट्टी आणि गोंद यांच्यावर खर्च होणार आहे, आणि ज्यांना पटाशी हातात घेण्याची घाई आहे त्यांनी तो भाग वगळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. साधे एकाच लाकडाचे पेन ज्याने दोन-चार वेळा केले आहे, अशा वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे.

येथे निवडलेली नक्षी म्हणजे पेनाच्या अंगाभोवती एकमेकांना ओलांडत जाणारे चार फेर. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील जुन्या दगडी क्रूसांवर अशा गुंफणीची नक्षी कोरलेली आढळते, आणि त्यावरून जगभरचे लेथकारागीर तिला केल्टिक नॉट म्हणतात. मला मात्र ती पाहताच गोफ आठवतो. दोऱ्या एकमेकींच्या वरून-खालून जातात आणि शेवटी कोणती कुठून आली हे सांगता येत नाही, तसेच हे दिसते. म्हणून पुढे मी तिला गोफच म्हणेन. शिवाय तुकड्यांच्या अनेक नक्ष्यांमध्ये गोफ दिसायला अवघड पण करायला तुलनेने सुरक्षित आहे, याचे कारण पुढे ओघाने येईल.

प्रथम भूमिती समजून घ्यावी, कारण तिच्यावाचून हातून झालेली चूक कोठे झाली हे कळत नाही. 20 मिमी जाडीचा चौरस ठोकळा घ्यावा, त्याच्या लांबीला 45 अंशांत तिरका काप द्यावा, कापात विरोधी रंगाची पातळ पट्टी बसवून चिकटवावी, ठोकळा स्वतःभोवती पाव फेरा वळवावा आणि नेमक्या त्याच ठिकाणी, त्याच कोनात दुसरा काप द्यावा. चारही बाजूंनी असे केले की चार पट्ट्या ठोकळ्याच्या मध्यरेषेवरील एकाच बिंदूत एकमेकींना छेदतात. ठोकळा गोल कातला की प्रत्येक पट्टी पृष्ठभागावर एक तिरपे कडे म्हणून दिसते, आणि चार कडी मिळून एकमेकांना बारा ठिकाणी ओलांडतात. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की चौरस ठोकळ्यावर दिसणारी नक्षी आणि पेनावर उरणारी नक्षी एक नसते. 45 अंशांच्या कापात फेराची उंची पेनाच्या जाडीइतकी असते. म्हणजे 20 मिमी ठोकळ्यावर ती 20 मिमी भासते, पण पेन 11 मिमीपर्यंत कातल्यावर जेमतेम 11 मिमी उरते. काप अधिक तिरका, आडव्या छेदापासून 60 अंशांचा घेतला तर 11 मिमी जाडीवर तीच उंची 19 मिमी होते आणि गोफ लांबसडक, देखणा दिसतो. तरीही पहिले पेन 45 अंशांतच करावे, कारण चुकाही कोनाबरोबर वाढतात, आणि त्या कशा वाढतात ते आता सांगतो.

करवत लाकूड कापते तेव्हा स्वतःच्या रुंदीइतके लाकूड भुसा करून टाकते. बसवायची पट्टी त्या रुंदीइतकीच जाड असेल, तर नाहीसे झालेले लाकूड जसेच्या तसे भरून निघते आणि ठोकळ्याची दोन्ही टोके पूर्वीच्याच अंतरावर राहतात. पट्टी जाड झाली तर टोके दूर सरकतात, पातळ झाली तर जवळ येतात, आणि आधी बसवलेल्या पट्ट्यांच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पायरी पडते. 45 अंशांत ही पायरी फरकाच्या सुमारे 1.4 पट असते आणि 60 अंशांत दुप्पट. म्हणजे पट्टी केवळ 0.3 मिमी जाड असली तर 45 अंशांत 0.4 मिमीची आणि 60 अंशांत 0.6 मिमीची पायरी दिसेल. दोन मिलीमीटर रुंदीच्या रेषेवर इतकी पायरी डोळ्याला लगेच खुपते. टेबलावर ठेवलेल्या डब्याच्या झाकणात असली चूक कोणी पाहणार नाही, पण पेन माणूस डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरतो.

लाकडाच्या निवडीकडे रंगाच्याही आधी घट्टपणाच्या नजरेने पाहावे. खैराच्या गाभ्याचा तांबूस-तपकिरी रंग आणि शिवणीचा दुधाळ रंग शेजारी फार सुरेख दिसतात, म्हणून सुरुवातीच्या काळात मी खैराच्या ठोकळ्यात शिवणीच्या पट्ट्या बसवल्या. कातून झाल्यावर सर्व सपाट होते. पॉलिश पेपर फिरवल्यावर शिवण मऊ असल्यामुळे जास्त झिजली आणि प्रत्येक फेर नखाला लागेल इतका खोल गेला. त्या पेनावर कितीही थर चढवले तरी उजेडात धरले की घळी दिसतच राहिल्या. तेव्हापासून गडद रंगासाठी शिसव आणि फिकट रंगासाठी हेद ही जोडी मी पहिल्या पेनासाठी सुचवतो. हेद पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचा असतो. कंगवे आणि गिरण्यांतील बॉबिन यांसाठी तो वापरला जात असे, यावरूनच तो लेथवर किती गुणी आहे हे कळावे. फणसाचे पिवळे लाकूडही चांगले, मात्र काळानुसार ते गडद होत जाते आणि काही वर्षांनी शिसवीशी त्याचा विरोध कमी होतो. बिबळा फिकट लाकडाच्या शेजारी मी टाळतो. ज्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला रंग चढतो, त्याचा भुसा ओलावा मिळताच शेजारच्या लाकडात रंग सोडणारच. सागवान तेलकट असल्याने गोंद धरायला कुरकुर करते; वापरायचेच असेल तर चिकटवण्याच्या लगेच आधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावेत.

या कामासाठी लाकूड विकत घ्यावे लागते असे नाही. फर्निचर करणाऱ्या सुताराकडे आणि लाकडाच्या वखारीत पेनापुरते तुकडे सरपणात पडलेले असतात. मात्र ते कोरडे असले पाहिजेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात लाकूड हवेतला ओलावा पिऊन आडवे फुगते. पावसाळ्यात जोडलेले पेन मार्च-एप्रिलमध्ये आकसते आणि आतली पितळी नळी मात्र आकसत नाही, त्यामुळे बारीक भेग पडते. कापलेले ठोकळे आणि पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, आणि पावसाळ्यात शक्यतो उन्हाळ्यात कापून ठेवलेलेच लाकूड वापरावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. स्लिमलाइन नावाने मिळणारा दोन नळ्यांचा, फिरवून उघडणाऱ्या पेनाचा संच घ्यावा. त्यातील पितळी नळ्या 7 मिमी व्यासाच्या आणि प्रत्येकी सुमारे 53 मिमी लांब असतात. ठोकळा 20 मिमी चौरस आणि 140 मिमी लांब घ्यावा. तो खरोखर चौरस आहे का, हे चारही कडांना गुण्या लावून उजेडासमोर पाहावे. फटीतून उजेड दिसला तर रंधा मारून तो दुरुस्त करावा. ठोकळा चौरस नसेल तर वळवल्यावर मध्यरेषा सरकते आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. टोकाचा छेदही काटकोनात हवा, कारण प्रत्येक कापाच्या वेळी तेच टोक अडणीला टेकणार आहे. गोफ मी खालच्या नळीच्या मध्यावर आणतो, कारण वरच्या भागात क्लिप नक्षीवर येते. त्यासाठी ठोकळ्याच्या एका टोकापासून 35 मिमीवर मध्यबिंदूची खूण करावी आणि चारही बाजूंना 1, 2, 3, 4 असे पेन्सिलीने आकडे घालावेत.

टेबल-सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची यांत्रिक करवत, असेल तर स्लेड तयार करावा. स्लेड म्हणजे टेबलाच्या खोबणीतून मागे-पुढे सरकणारा प्लायवूडचा पाट. त्यावर 45 अंशांत एक पट्टी ठोकावी, तिला ठोकळा टेकवावा, आणि ठोकळ्याच्या टोकाशी एक अडण पक्की स्क्रूने बसवावी, म्हणजे चारही काप एकाच ठिकाणी पडतील. इतका लहान तुकडा बोटांनी धरून फिरत्या पात्याजवळ नेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. टॉगल क्लॅम्पने (मूठ दाबताच घट्ट पकडणाऱ्या चापाने) तो स्लेडला जखडावा आणि दोन्ही हात पात्याच्या रेषेबाहेर ठेवावेत. पात्याची उंची अशी लावावी, की वरच्या बाजूचे दीड मिलीमीटर लाकूड न कापता राहील. ही पातळ साल दोन्ही अर्ध्या भागांना एका रेषेत धरून ठेवते, आणि पेन 11 मिमीपर्यंत कातताना प्रत्येक बाजूचे साडेचार मिलीमीटर लाकूड निघूनच जात असल्याने तिची खूणही मागे उरत नाही.

टेबल-सॉ नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. 45 अंशांच्या फटी असलेला मायटर बॉक्स (करवतीला ठरलेल्या कोनात चालवणारा साचा) आणि बारीक दात्यांची ताठ पाठीची करवत यांनीही उत्तम गोफ होतो. करवतीची वाट, म्हणजे तिने पाडलेल्या खाचेची रुंदी, एक मिलीमीटरच्या आसपास असते, म्हणून पट्टी पातळ लागते आणि रेषा नाजूक दिसते. माझ्या मते हाताच्या करवतीचा गोफ दिसायला अधिक सुबक असतो, फक्त करवत चालवताना घाई करता येत नाही.

पट्टीची जाडी गणिताने ठरवू नये, खाचेने ठरवावी. ज्या पात्याने ठोकळा कापायचा त्याच पात्याने एका टाकाऊ तुकड्यात खाच पाडावी आणि हेदाची पट्टी तासत-घासत त्या खाचेत बसवून पाहत जावी. बोटाने दाबल्यावर ती थोड्या अडखळतीने आत सरकावी, आणि तुकडा उलटा धरला तर आपोआप खाली पडू नये. इतकी जमली की थांबावे. ठोकून बसवावी लागत असेल तर ती जाड आहे. एकाच जाडीच्या पाच-सहा पट्ट्या एकदम करून ठेवाव्यात. लाकडी पट्टीऐवजी ॲल्युमिनियम किंवा पितळेचा पत्राही वापरता येतो आणि तो फार झळाळतो, पण घासताना धातूची काळपट भुकटी फिकट लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते. पहिल्या पेनाला ती डोकेदुखी नको.

पहिला काप दिल्यावर खाचेतला भुसा ब्रशने काढावा, दोन्ही भिंतींना आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल पातळ आणि सलग लावावा, पट्टी सरकवावी आणि शिकंज्याने हलकेच आवळावे. फार आवळले तर गोंद बाहेर निघून सांधा कोरडा राहतो, आणि न कापलेली साल वाकून ठोकळ्याला कुबड येते. आवळल्यानंतर पोलादी पट्टी ठोकळ्याच्या अंगाला लावून तो सरळ आहे का हे पाहावे. यावेळी दुरुस्ती अर्ध्या मिनिटात होते, उद्या होणार नाही. तिरक्या कापात लाकडाचे तोंड अर्धवट उघडे असते आणि ते गोंद पिऊन टाकते. म्हणून प्रथम एक पातळ हात द्यावा, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग दुसरा हात देऊन पट्टी बसवावी. पत्रा बसवायचा असेल तेव्हा फेव्हिकॉल चालत नाही. तेथे सावकाश सुकणारे ॲराल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) वापरावे आणि पत्रा आधी खरखरीत करावा.

यानंतर चोवीस तास ठोकळ्याला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेली पट्टी ठोकळ्याच्या पृष्ठभागाशी अगदी समतल करावी. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ठोकळा घासल्यास ती कडांना गोलाई न येता समतल होते. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती टाळली जाते, पण पट्टीचा कागदाएवढा उंचवटाही ठोकळ्याला स्लेडवर तिरका बसवतो. मग दुसरी बाजू खाली करून दुसरा काप, पुन्हा पट्टी, पुन्हा चोवीस तास. चार कापांना चार दिवस लागतात, आणि पावसाळी हवेत गोंद सावकाश सुकत असल्याने पाच-सहा. चौथी पट्टी सुकल्यावर मी आणखी एक दिवस जाऊ देतो, कारण पुढचे काम सांध्यांची खरी परीक्षा घेणारे आहे.

ते काम म्हणजे भोक पाडणे. चार पट्ट्या जेथे एकत्र येतात तेथे लाकडाचे पाचरीसारखे चिमुकले तुकडे केवळ गोंदाच्या आधाराने उभे असतात, आणि त्यांच्यातूनच 7 मिमी बिट जायचे असते. ठोकळ्याचे दोन भाग करावेत, पण नळीच्या लांबीपेक्षा प्रत्येकी किमान दहा मिलीमीटर जास्त ठेवून. बिट पलीकडून बाहेर पडताना लाकूड फुटते. ते या जादा भागात फुटू द्यावे आणि मग तो भाग कापून टाकावा. कापण्याआधी दोन्ही भागांवरून एक लांब रेघ ओढून ठेवावी, म्हणजे जुळवणीच्या वेळी रेषेला रेषा मिळेल. ठोकळा लेथच्या चकमध्ये (फिरत्या पकडीत) धरून आणि बिट टेलस्टॉकमध्ये (लेथच्या समोरच्या, न फिरणाऱ्या टोकात) बसवून भोक पाडणे सर्वांत खात्रीचे. वेग मिनिटाला 500 ते 700 फेऱ्यांच्या पुढे नेऊ नये, दर दहा मिलीमीटरला बिट बाहेर काढून भुसा झाडावा, आणि बिटाला बोट लावून पाहावे; चटका बसत असेल तर सांध्यातला गोंदही मऊ पडू लागला आहे असे समजून दोन मिनिटे थांबावे. गोफाच्या भागात तर बिट जवळजवळ स्वतःच्या वजनाने जाईल इतकाच दाब द्यावा.

भोक मध्यावर असणे येथे साध्या पेनापेक्षा किती तरी अधिक महत्त्वाचे आहे. साध्या पेनात भोक अर्धा मिलीमीटर सरकले तर कोणाला कळत नाही. गोफात मात्र 45 अंशांवर एका बाजूचा फेर अर्धा मिलीमीटर वर चढतो आणि समोरचा तितकाच खाली उतरतो, म्हणजे समोरासमोरच्या फेरांत एक मिलीमीटरचा फरक पडतो. पेन बोटांत फिरवले की गोफ लंगडत चालल्यासारखा दिसतो. मध्य काढताना कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघा माराव्यात, छेदबिंदूला टोच्याने खळगा करावा, आणि आखूड सेंटर ड्रिलने सुरुवात करून मगच लांब बिट लावावे.

पितळी नळीला 220 नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-तिडवे ओरखडे काढावेत, एक तोंड मेणाने बंद करावे म्हणजे आत गोंद जाणार नाही, आणि ॲराल्डाइट लावून नळी फिरवत-फिरवत आत ढकलावी. झटपट गोंदाने हे काम मिनिटात होते खरे, परंतु नळी अर्ध्यावर अडकून बसली की ती परत निघत नाही आणि चार दिवसांचे काम टाकून द्यावे लागते. सुकल्यावर तोंडे बॅरल ट्रिमरने (नळीच्या तोंडाचे लाकूड सपाट करणाऱ्या कटरने) काटकोनात करावीत. लाकडाच्या मधोमध पितळेचे बारीक, चकचकीत कडे दिसू लागताच थांबावे. आणखी एक फेरा दिला तर नळी आखूड होते आणि रिफिल नीट बसत नाही.

मँड्रेलवर (लेथवर बसणाऱ्या पोलादी सळईवर) दोन्ही भाग बुशांसह (टोकांची जाडी दाखवणाऱ्या धातूच्या कड्यांसह) चढवून नट बोटांनीच आवळावा. पाना लावून आवळला किंवा टेलस्टॉक जोरात दाबला तर मँड्रेल किंचित वाकतो आणि पेन लंबगोल होते. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि नाकावर मास्क हवाच. शिसवीचा भुसा अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो. सैल बाही, ओढणी आणि हातमोजे लेथजवळ नकोत. चौरस असेपर्यंत वेग 1200 ते 1500 फेऱ्यांचा ठेवावा. रफिंग गाउजला (चौरस लाकूड गोल करण्याच्या खोलगट पटाशीला) नुकतीच धार दिलेली असावी. बोथट हत्यार कापण्याऐवजी ओढते, आणि पट्टीची तिरकी निमुळती टोके सर्वांत आधी उडतात. हत्याराचा उतार लाकडाला टेकवून, मूठ हळूहळू वर उचलत, ढलपी निघेल इतकेच कापावे.

ठोकळ्याचे कोपरे गेले आणि तो गोल झाला की लेथ बंद करून पाहावे. या वेळी फेर अजून जाड आणि ओबडधोबड दिसतात. शिसवीच्या काळपट अंगावर हेदाच्या पिवळ्या रेषा जेथे तीक्ष्ण कोनात भेटतात तेथे बोटाने चाचपल्यास एखादी कड उचललेली लागते. तिथे पातळ झटपट गोंदाचा एक थेंब सोडावा, तो केशाकर्षणाने फटीत शिरतो, आणि पुढे जावे. 14 मिमी आणि 12 मिमी जाडीला मी दोन्ही वेळा संपूर्ण पृष्ठभागावर असा पातळ गोंद पाजतो. यानंतर वेग 2500 पर्यंत वाढवून स्क्यू (तिरप्या धारेच्या) पटाशीने शेवटचे कातकाम करावे, मधल्या फुगवट्याकडून टोकांकडे उतरत. टोकांना पेन बुशाच्या जाडीपर्यंत, म्हणजे साडेआठ मिलीमीटरच्या आतबाहेर आणावे लागते. तेथे नळीवर लाकूड जेमतेम पाऊण मिलीमीटर उरते, म्हणून शेवटचे फिरवे केसासारखे बारीक घ्यावेत. पोट 11 मिमी ठेवल्यास हातात पेन छान भरते आणि गोफालाही जागा मिळते.

स्क्यूने जितके गुळगुळीत होईल तितके करून घ्यावे, कारण पॉलिश पेपर हा या पेनाचा मित्र नव्हे. शिसवीचा जांभळट भुसा हेदाच्या पिवळ्या रेषांत घुसला की त्या मळकट होतात आणि तो मळ परत निघत नाही. म्हणून आधी पातळ गोंदाचा किंवा चपड्याचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) एक हात देऊन लाकडाची छिद्रे बंद करावीत, मग 320, 400 आणि 600 असे पेपर हलक्या हाताने फिरवावेत, आणि प्रत्येक पेपरनंतर भुसा फुंकून किंवा ब्रशने काढून पांढरे कापड स्पिरिटमध्ये भिजवून लांबीच्या दिशेने एकदाच पुसावे. चपड्याचा हात दिला असेल तर स्पिरिट लावू नये, तो त्यात विरघळतो; कोरडे कापड वापरावे. प्रत्येक पेपरचा शेवट लेथ थांबवून, पेनाच्या लांबीला घासून करावा, म्हणजे गोल ओरखडे राहत नाहीत.

चकाकीसाठी तीन मार्ग आहेत. चपड्याचे घर्षण-पॉलिश लावायला सोपे आणि दिसायला उबदार असते, पण रोज हातात येणाऱ्या पेनावर घामाने लवकर उतरते. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून लाखकाम करण्याची आपली परंपरा मोठी आहे. सावंतवाडीची लाखेची खेळणी सर्वांना ठाऊक आहेत, आणि लाखेला झळाळी आणण्यासाठी कारागीर केवड्याचे पान वापरतात. गोफाच्या पेनावर मात्र रंगीत लाख नक्षी झाकून टाकते. म्हणून रोजच्या वापराच्या पेनाला मी झटपट गोंदाचेच थर देतो: वेग 600 च्या आसपास, घडी केलेल्या कागदी रुमालावर चार-पाच थेंब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता एकच फेरा, असे आठ ते दहा थर, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर पुढचा. सुती कापड येथे वापरू नये. कापूस आणि हा गोंद एकत्र आले की उष्णता निर्माण होऊन धूर निघतो आणि बोटे भाजतात. वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी असावी. शेवटी पाण्यासह मायक्रोमेशचे (अतिबारीक घासणीचे) 1500 पासून 12000 पर्यंतचे पॅड फिरवावेत. बुश आणि पेन यांच्या सांध्यावर गोंद साचून दोघे जोडले जातात. ओढून काढल्यास टोकाचा थर उचकटतो, म्हणून टोकदार पात्याने सांध्यावर आधी एक बारीक रेघ पाडून मगच बुश हलकेच सोडवावे.

गोफ साधल्यावर दुसऱ्या नक्ष्यांकडे जाता येते. एक चौकटीची नक्षी येथे थोडक्यात सांगतो, कारण अनेक जण ती सोपी समजून आधी करतात आणि भोक पाडताना तिचे तुकडे होतात. दोन रंगांच्या 10 मिमी चौरस काड्या दोन-दोन अशा तिरप्या जोडून 20 मिमीचा ठोकळा करायचा, त्याच्या सहा-सहा मिलीमीटरच्या चकत्या पाडायच्या आणि एकाआड एक चकती पाव फेरा वळवून चिकटवायची, अशी ती पद्धत आहे. पण चकत्यांचे सांधे लाकडाच्या तोंडाशी तोंड लावलेले असतात आणि असा सांधा सर्वांत कमकुवत असतो. गोफातले तिरके सांधे त्याच्यापेक्षा पुष्कळ बळकट, म्हणून गोफ आधी करावा असे मी म्हटले. चौकटीसाठी प्रथम अखंड ठोकळ्यात भोक पाडावे, मग चकत्या कापाव्यात आणि ॲराल्डाइट लावलेल्या पितळी नळीवर त्या मण्यांसारख्या ओवाव्यात. मग सांध्यांना बळ नळी देते, आणि बिटाचा प्रश्नच उरत नाही.

जोडणीचा क्रम चुकवू नये. शिकंज्याच्या जबड्यांना लाकडी तुकडे लावून प्रथम खालच्या नळीत टोक बसवावे. मग दुसऱ्या तोंडातून फिरणारी यंत्रणा, तिच्यावरच्या खुणेच्या किंचित अलीकडेपर्यंतच, दाबावी आणि रिफिल लावून पाहावे. उघडल्यावर टोक पुरेसे बाहेर येत नसेल तर यंत्रणा केसभर आणखी दाबावी. जास्त दाबली गेली तर बंद केल्यावरही टोक बाहेर राहते आणि खिशाला शाई लागते. वरच्या नळीत क्लिप आणि टोपी दाबताना, आधी ओढून ठेवलेल्या रेघेच्या आठवणीने, क्लिप ठोकळ्याच्या कोणत्या बाजूवर यायची ते ठरवून घ्यावे. मधले कडे सरकवून वरचा भाग यंत्रणेवर चढवला की तो हाताने फिरवता येतो. पेन बंद असताना शिसवीच्या रेषा वरून खाली सलग उतरतात अशा जागी तो आणून ठेवावा आणि पेन दोन दिवस तसेच राहू द्यावे. गोंदाच्या थराचा वास तोवर जातो आणि कोठे भेग पडायची असेल तर ती आपल्याच टेबलावर पडते.